पडद्यावरचे अंश आणि सिरॅमिकमधली तार

लंडन, पॅरिस किंवा मेलबर्न येथे शिकावयास वा नोकरीस गेलेली आपली मुले डिसेंबरात घरी येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर काही नवे शब्दही येतात. त्यांतला एक शब्द गेली काही वर्षे व्हाक्वापासून कास्कावेलपर्यंत आपल्या घरांतून ऐकू येऊ लागला आहे. तो शब्द म्हणजे व्हेप. सिगारेट सोडली, आता व्हेप ओढतो, असे पुतण्या सांगतो. काका विचारतात, "अरे, पण तोही धूरच ना?" त्यावर उत्तर मिळते, "नाही काका, ही वाफ आहे. आणि माझ्या यंत्रात उष्णता ठरवून ठेवता येते. २०० अंशांवर लावली की त्यापुढे जात नाही. शिवाय आत कापूस नाही, सिरॅमिक आहे." काका गप्प बसतात. छोट्या पडद्यावर २०० हा आकडा खरोखरच दिसत असतो, आणि आकड्याशी वाद घालणे कठीण.

आजचा हा लेख त्या आकड्याविषयी आहे. तो येतो कोठून, त्यावर भरवसा किती ठेवावा, आणि सिरॅमिकने तो अधिक खरा होतो की कमी, हे आम्ही शक्य तितक्या सोप्या रीतीने सांगणार आहोत. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपल्या बेटावर या यंत्रांच्या विक्रीस कायद्याने बंदी आहे आणि कोणी ती घ्यावीत असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु इंग्लंड व फ्रान्स येथे, ठराविक नियमांत, ती कायदेशीर आहेत. आपली मुले तेथे राहतात, कमावती आहेत आणि आपल्याला विचारून काही करीत नाहीत. अशा वेळी नुसते "वाईट आहे, टाकून दे" म्हणण्यापेक्षा वडीलधाऱ्या माणसाला विषयाची थोडी माहिती असेल, तर त्याचे बोलणे ऐकून घेतले जाण्याचा संभव अधिक, असे आम्हांस वाटते.

यंत्राची रचना समजण्यासाठी दूर जावयास नको. देवघरातली समई आठवावी. वात तेल वर ओढते आणि टोकाशी ते जळते. तेल आहे तोवर वात टिकते. तेल संपले की वातच जळू लागते आणि घरभर करपट वास सुटतो. व्हेपमध्ये ज्योत नसते, एवढाच फरक. टाकीत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण असते. त्यात सुगंध व बहुधा निकोटिन घातलेले असते. कापसाची वात ते मिश्रण एका बारीक तारेच्या वेटोळ्याकडे नेते. बटण दाबले की बॅटरीतला प्रवाह तारेतून जातो, तार तापते, मिश्रणाची वाफ होते. टाकीसह तारेच्या या भागाला अ‍ॅटमायझर म्हणतात. खालच्या बॅटरीच्या पेटीला, ज्यात पडदा आणि बटणे असतात, मॉड म्हणतात.

कल्पना तशी जुनी आहे. हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन गृहस्थाने १९६३ साली धुराविना चालणाऱ्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ती बाजारात मात्र आली नाही. आज जी यंत्रे दिसतात त्यांची परंपरा चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांच्या २००३ च्या यंत्रापासून सुरू होते. पहिल्या यंत्रांत उष्णतेचे नियंत्रण असे काहीच नव्हते. पुढे वॅट कमी-जास्त करण्याची सोय झाली आणि पुष्कळांना तीच उष्णता ठरविण्याची सोय वाटू लागली. इथे पहिला घोटाळा होतो.

वॅट म्हणजे अंश नव्हेत. गॅसची ज्योत किती मोठी आहे हे वॅट. कढईतले तेल किती तापले आहे हे अंश. ज्योत तीच असली तरी कढई भरलेली असेल तर तेल हळूहळू तापेल, आणि कढईत चमचाभरच तेल असेल तर क्षणात धुरावेल. तारेचेही तसेच. वात ओली असेपर्यंत मिश्रण उकळताना उष्णता शोषून घेते आणि तार फार तापू शकत नाही. वात सुकली की तेवढेच वॅट तारेला कोठच्या कोठे नेतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत तार पूर्ण भिजलेली असताना तिचे तपमान ११० ते १८५ अंशांच्या दरम्यान आढळले. वातीतूनच ओल मिळत असताना १४५ ते ३३४. आणि कोरडी असताना ३२२ पासून हजार अंशांच्याही वर.

या आकड्यांना महत्त्व का, ते पाहू. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांवर उकळते, ग्लिसरीन २९० अंशांवर. मिश्रणाचा उत्कलनबिंदू या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो. पण हे द्रव अति तापले की ते नुसते उकळत नाहीत, मोडतात. त्यातून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलीन अशी द्रव्ये निघतात. फॉर्माल्डिहाइड म्हणजे प्रयोगशाळेत मृत प्राण्यांचे अवयव बरणीत टिकवावयास वापरतात त्या फॉर्मलिनमधले द्रव्य, आणि ते कर्करोगकारक आहे. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी हे दोन्ही द्रव यंत्राविना, नळीत मोजून तापविले, तेव्हा २१५ अंश व त्यापुढे फॉर्माल्डिहाइड दिसू लागले. त्याआधी २०१५ मध्ये ओरेगॉन राज्यातील संशोधकांनी ५ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइडची संयुगे सापडल्याचे आणि ३.३ व्होल्टवर न सापडल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. टीकाकारांचे म्हणणे असे की ५ व्होल्टवर त्या यंत्राची वात कोरडी पडते, वाफेला असह्य करपट चव येते, आणि कोणीही शहाणा माणूस तसा झुरका घेत नाही. ही टीका आम्हांस रास्त वाटते. पण जीभ हाच रखवालदार आहे, हे त्यातून आपोआप कबूल होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. सिरॅमिकच्या वेळी ती पुन्हा लागेल.

आता उष्णता-नियंत्रणाकडे वळू. २०१४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील एव्हॉल्व्ह या कंपनीने डीएनए ४० नावाचा विद्युत-पट्ट बाजारात आणला आणि तेथून ही सोय पसरली. आज पुष्कळ मॉडमध्ये १०० ते ३१५ अंशांपर्यंत कोणताही आकडा लावता येतो. गंमत अशी की या यंत्रात तपमापक कोठेही नसतो. तारेच्या टोकाला काही चिकटविलेले नाही, वातीत काही खुपसलेले नाही. यंत्र मोजते ते तारेचा विद्युतरोध, आणि त्यावरून तपमानाचा अंदाज बांधते.

ही युक्ती दीडशे वर्षांची आहे. धातू तापला की त्यातून प्रवाह वाहण्यास अधिक अडथळा होतो, आणि हा अडथळा नियमाने वाढतो. विल्यम सीमेन्स यांनी १८७१ साली याच गुणावर प्लॅटिनमच्या तारेचा तपमापक सुचविला; ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ च्या सुमारास तो विश्वासार्ह करून दाखविला. त्याचेच वंशज जगभरच्या कारखान्यांत आजही आहेत. शंभर ओहमची प्लॅटिनमची तार शून्य अंशावर १०० ओहम दाखवते आणि १०० अंशांवर १३८.५. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात साखर कारखान्याशी संबंध आलेला माणूस असतोच. उसाचा रस निर्वात पात्रात साठ-सत्तर अंशांच्या घरात उकळवतात, कारण उघड्या कढईच्या उष्णतेत साखर काळवंडते. तेथे तपमानाची मोजणी म्हणजे मालाची अब्रू. म्हणून अशा ठिकाणी प्लॅटिनमच्या तारेला दोन नव्हे, तीन किंवा चार वाहक जोडतात. जोडतारांचा स्वतःचा रोध मोजणीत मिसळू नये, तो वजा करता यावा, यासाठी ही खबरदारी. शिवाय ती तार मोजण्यासाठीच ठेवलेली असते. तापविण्याचे काम दुसरा कोणी करतो.

व्हेपच्या मॉडमध्ये यातले काही नसते. तीच तार तापवते आणि तीच मोजते. वाहक दोनच. मध्ये पेचाचा सांधा, जो रोज उघडझाप करून मळलेला असतो. आणि तारेचा एकूण रोध शंभर ओहम नव्हे, अर्धा ओहम किंवा त्याहूनही कमी.

शिवाय सगळ्याच तारा या कामाच्या नाहीत. शुद्ध निकेलची तार, जिला एनआय २०० म्हणतात, एक अंश तापली की तिचा रोध हजारांत सुमारे ६ ने वाढतो. टायटॅनियमचा सुमारे साडेतीनने. एसएस ३१६ या पोलादाचा जेमतेम ०.९ ने. आणि कॅन्थल नावाची जी लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियमची मिश्रधातू विजेच्या शेगड्यांत व स्वस्त कॉइलमध्ये सर्रास वापरतात, ती हजार अंशांपर्यंत नेली तरी तिचा रोध शेकडा ४ च्या आसपासच वाढतो. शेगडीसाठी हा मोठा गुण आहे. उष्णता मोजण्यासाठी मात्र ती तार मुकीच.

थोडे गणित करू. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. निकेलची तार २० अंशांवर ०.१५ ओहम असेल, तर २२० अंशांवर ती ०.३३ ओहम होते. दुपटीहून जास्त, यंत्राला हा फरक सहज कळतो. पोलादाची तार २० अंशांवर ०.५० ओहम असेल, तर २२० अंशांवर ती ०.५९ होते. २०० अंशांची सगळी गोष्ट अशा रीतीने ओहमच्या नऊ शतांश भागांत सांगावयाची. त्यातला एक शतांश जरी इकडेतिकडे झाला, तरी २२ अंशांची चूक. सांधा सैल असताना यंत्राने थंड तारेचा रोध नोंदवून घेतला आणि नंतर कोणी तो घट्ट केला, तर यंत्राला तार आहे त्याहून थंड वाटेल आणि ते तिला अधिक तापवील. पडद्यावर मात्र २०० च राहतील.

दुसरी चूक याहून नेहमीची. यंत्राला हिशेब करावयास तारेचा थंड असतानाचा रोध ठाऊक असावा लागतो. तो नोंदवून कायम करण्याचे बटण असते. पुष्कळ जण टाकी नुकतीच वापरलेली असताना ती काढतात, मिश्रण भरतात, परत बसवतात, आणि पडद्यावर "नवी कॉइल की जुनीच?" असा प्रश्न आला की न वाचता नवी म्हणून मोकळे होतात. समजा त्या वेळी पोलादाची तार ६० अंशांवर होती आणि यंत्राने तिला २० अंशांवर मानली. मग २०० लावल्यावर ती तार प्रत्यक्षात २४६ अंशांच्या आसपास जाईल. फॉर्माल्डिहाइड ज्या उंबरठ्यावर दिसू लागले तो २१५ चा होता, हे वर सांगितलेच आहे.

मातीचा तवा आणि लोखंडी तवा

सिरॅमिकचा प्रकार काय आहे तो आता पाहू. तरुण मंडळी सिरॅमिक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात असे असते की तारेऐवजी चिनी मातीच तापते. तसे बहुधा नसते. तार असतेच, ती सच्छिद्र सिरॅमिकच्या नळीत बसविलेली किंवा अर्धवट पुरलेली असते, आणि कापसाच्या वातीचे काम सिरॅमिकची बारीक छिद्रे करतात. दुसरा एक प्रकार म्हणजे भरीव सिरॅमिकची वाटी किंवा चकती, जिच्या पोटात तार बंद केलेली असते. ती मेणासारख्या घट्ट पदार्थांसाठी असते आणि ते पदार्थ बहुतेक गांजापासूनचे असतात. त्या वाटेस आम्ही जाणार नाही.

सच्छिद्र सिरॅमिकचे गुण खरे आहेत. ते जळत नाही, कापसासारखे वारंवार बदलावे लागत नाही, चव स्वच्छ राहते. पण उष्णतेच्या बाबतीत सिरॅमिक आणि उघडी तार यांत मातीच्या तव्याचा आणि लोखंडी तव्याचा फरक आहे. पातळ लोखंडी तवा झटकन तापतो, विस्तवावरून उतरवला की झटकन निवतो. मातीचा तवा उशिरा तापतो, पण उतरवल्यावरही त्यावर भाकरी भाजत राहते. सिरॅमिक तसेच. बटण दाबले की तार आधी तापते आणि सिरॅमिक मागून येते. बटण सोडले की तार मोकळी होते, पण भोवतालचे सिरॅमिक गरमच राहते. दुसरा झुरका लगेच घेतला तर त्याची सुरुवात थंडीतून होत नाही. आणि थंड रोध नोंदवावयाचा असेल तर उघड्या तारेला मिनिटभर थांबले तरी चालते. सिरॅमिकला दहा-पंधरा मिनिटे तशीच राहू द्यावी हे उत्तम.

मग यंत्र मोजते ते तपमान कोणाचे? तारेचे. आणि तेही सगळ्या तारेची सरासरी. ही सरासरीच सर्वांत फसवी. समजा सिरॅमिकच्या एका कोपऱ्यात घट्ट मिश्रणाचा थर बसून छिद्रे बुजली आणि तेथे ओल पोचेनाशी झाली. तारेचा दहावा हिस्सा तेथे १५० अंशांनी अधिक तापला. सरासरीत ही वाढ १५ अंशांचीच दिसेल. यंत्र प्रवाह किंचित कमी करील आणि निवांत राहील. त्या कोपऱ्यात मात्र द्रव मोडतच राहील.

जिभेचा प्रश्न येतो तो येथे. कापसाची वात कोरडी पडली की कापूस स्वतः करपतो, आणि तो करपट घास कोणालाही सहन होत नाही. माणूस खोकतो, यंत्र खाली ठेवतो. सिरॅमिक करपत नाही. मोडलेल्या ग्लिसरीनचा तिखट झोंबरेपणा राहतो, पण मोठ्याने ओरडणारा रखवालदार गेलेला असतो. ज्या गुणासाठी सिरॅमिक घ्यावयाचे तोच गुण धोक्याची घंटा बंद करतो. आमच्या मते या सर्व विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि विक्रेत्यांच्या पत्रकांतून ती आम्हांस क्वचितच आढळते.

आणखी एक साधी गोष्ट. सिरॅमिकच्या कित्येक कॉइलमध्ये तार कॅन्थल किंवा नायक्रोमची असते. तशा कॉइलवर उष्णता-नियंत्रण लावणे म्हणजे मुक्या माणसास साक्षीला उभे करणे. चांगली यंत्रे अशा वेळी नकार देतात किंवा आपोआप वॅटवर येतात. स्वस्तातली काही आकडा दाखवीत राहतात. कॉइलच्या वेष्टनावर एनआय २००, टीआय, किंवा एसएस ३१६ यांपैकी काही लिहिलेले नसेल, तर पडद्यावरच्या अंशांना काही अर्थ नाही असेच धरून चालावे.

लावणारच असाल तर

हे सारे ऐकूनही आपला पुतण्या म्हणेल, "मग काका, लावायचे कसे ते तरी सांगा." त्यासाठी थोडके सांगतो. यंत्रात कॉइलचा धातू बरोबर निवडावा. पोलादाच्या तारेला निकेल सांगितले तर यंत्र तिला फारच कमी तापलेली समजेल, आणि ही चूक लहान नव्हे. टाकी खोलीच्या तपमानाला आल्यावर, सांधा पुसून, घट्ट बसवून मगच थंड रोध कायम करावा. नवे सिरॅमिक मिश्रणात भिजावयास निदान दहा मिनिटे द्यावी, कारण त्याची छिद्रे कापसाइतक्या लवकर भरत नाहीत. वॅट बनविणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाशी ठेवावे; उष्णता-नियंत्रण चालू असतानाही वॅट राहतातच, आणि ते जितके अधिक तितकी तार सिरॅमिकला मागे टाकून पुढे धावते. काही यंत्रांत पहिल्या क्षणी जोराचा धक्का देण्याची सोय असते. सिरॅमिकसाठी ती बंद असावी. दोन झुरक्यांत दम घ्यावा.

आणि अंश? २१५ चा उंबरठा आणि वीस-चाळीस अंशांची संभाव्य चूक लक्षात घेता, १८० ते १९० च्या पुढे जाण्यास आम्हांस कारण दिसत नाही. येथे तरुणांची तक्रार ठरलेली असते की एवढ्यावर वाफच येत नाही. तक्रार खरी आहे. मिश्रणात ग्लिसरीन ७०-८० टक्के असेल तर ते या तपमानाला आळशीपणाने उडते. मोठमोठे ढग सोडण्याची हौस असलेल्यांना असेच मिश्रण लागते, आणि मग २२०, २३०, २५० असा आकडा चढत जातो. अर्धे-अर्धे मिश्रण घेतले तर कमी अंशांवर काम भागते. ढग लहान येतो, इतकेच. निकोटिनची गरज भागवावयास ढग कशाला हवा, हे आम्हांस अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

निकेल व टायटॅनियमच्या तारा कोरड्या लाल करून कधी स्वच्छ करू नयेत. सिरॅमिकला तडा गेला असेल, तुकडा उडाला असेल, तर ती कॉइल फेकून द्यावी. तारेतले धातू वाफेत उतरतात ही नुसती शंका नाही. २०१८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रोज व्हेप वापरणाऱ्या ५६ जणांची यंत्रे तपासली, तेव्हा बाटलीतल्या द्रवाच्या मानाने तारेला लागून आलेल्या वाफेत क्रोमियम, निकेल, शिसे यांचे प्रमाण बरेच वाढलेले आढळले.

अंश बरोबर लावले तरी जे टळत नाही त्याचाही उल्लेख करावयास हवा. २०१९ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या एका विचित्र आजाराने तरुण मुले रुग्णालयांत येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले होते आणि ६८ दगावले होते. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची कुपी व्हेपमधून ओढली होती, आणि तो अर्क घट्ट दिसावा म्हणून विकणाऱ्यांनी त्यात ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट मिसळले होते. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रव तपासला, त्यांपैकी ४८ जणांत ते सापडले. त्वचेला लावावयाचे, पोटात घेतले तरी चालणारे द्रव्य. फुप्फुसात मात्र विष ठरले. बाटलीत काय आहे हे कोणताही उष्णता-नियंत्रक सांगत नाही.

तेव्हा ही यंत्रे सर्वस्वी वाईट असे आम्ही म्हणणार काय? नाही. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ च्या अहवालात असे मत दिले की व्हेपचा दीर्घकालीन धोका सिगारेटच्या धोक्याच्या ५ टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव नाही. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि त्यावर टीकाही झालेली आहे. पण सिगारेट जाळण्याने जे जे निर्माण होते त्याच्या मानाने वाफ बरी, याबद्दल फारसा वाद नाही. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना निकोटिनच्या पट्टी वा गोळीपेक्षा व्हेपने अधिक यश येते, असेही अनेक प्रयोग एकत्र तपासून दिसून आले आहे. वीस वर्षे रोज पाकीट ओढणाऱ्या माणसाने व्हेप घेतला, तर त्याच्या बायकोने सुटकेचा श्वास टाकावा हे आम्ही समजू शकतो. ज्याने कधी सिगारेट हातात धरली नाही, अशा सतरा-अठरा वर्षांच्या पोराने आंब्याच्या वासासाठी तो घ्यावा, त्याला सुटका कशापासून मिळाली? फ्रान्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणि ब्रिटनने जून २०२५ पासून एकदा वापरून फेकावयाच्या व्हेपवर बंदी घातली, तिच्यामागे हाच विचार, आणि कचऱ्याचाही, होता. टाकी भरावयाचे मॉड त्या बंदीत आले नाहीत.

प्रवासाबद्दल दोन शब्द. मॉडमध्ये लिथियमची बॅटरी असते, म्हणून विमानात ते मोठ्या बॅगेत टाकता येत नाही. हातातल्या सामानात, बंद करून न्यावे लागते, आणि विमानात त्याला चार्जही करावयाचे नसते. येथे येणाऱ्याने निघण्यापूर्वी आपल्या बेटावरचा कायदा पाहून घ्यावा. तिकडच्या दुकानदाराची पावती प्लेझान्सच्या विमानतळावर उपयोगी पडणार नाही. आपल्यापैकी जे पुढे मुंबईस, रत्नागिरीस किंवा पंढरपूरला जातात त्यांच्यासाठी अधिक सावधगिरी. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा करून या यंत्रांचे उत्पादन, आयात, विक्री व साठा यांवर बंदी घातली. आयात वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठ्याबद्दल सहा महिने किंवा पन्नास हजार, किंवा दोन्ही. पाहुण्याच्या खिशातून निघाले म्हणून ते वेगळे ठरत नाही.

आणि घरात लहान नातवंडे असतील तर मिश्रणाची बाटली औषधांच्याही वरच्या फळीवर, कुलपात ठेवावी. ब्रिटन व युरोपात बाटली १० मिलिलिटरची आणि निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंतच असावे असा नियम आहे; म्हणजे भरलेल्या एका बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटिन असू शकते. लहान मुलाला घातक ठरावयास त्याचा अंशही पुरेसा आहे, ते कातडीतूनही शोषले जाते, आणि बाटलीवर बहुधा लिचीचे किंवा आंब्याचे चित्र असते.